आपोआप फिरणारे चाक: फसलेला शोध आणि त्यातून हाती लागलेला नियम

नातेवाइकांच्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक व्हिडिओ अधूनमधून येतोच. टेबलावर एक मोटर असते, तिच्या पुलीवरून पट्टा अल्टरनेटरकडे, म्हणजे फिरण्यातून वीज बनवणाऱ्या यंत्राकडे, गेलेला असतो, अल्टरनेटरची वायर वळून पुन्हा मोटरलाच जोडलेली असते आणि शेजारी दोन-तीन बल्ब लख्ख पेटलेले असतात. ‘इंधन नाही, वीजबिल नाही, एकदा फिरवले की कायम चालू’ असे खाली लिहिलेले असते. पाहणाऱ्यांपैकी अनेक जण चांगले शिकलेले असतात, पण यात नेमके काय चुकते आहे हे त्यांना बोट ठेवून सांगता येत नाही. हा त्यांचा कमीपणा नव्हे. सतराव्या-अठराव्या शतकातील युरोपात याच कल्पनेमागे राजे, सरदार, खाणींचे अभियंते आणि विद्यापीठांतले नामांकित प्राध्यापक लागले होते, आणि त्यांनाही चूक सहजासहजी सापडली नव्हती. त्यांनी काय बांधले, ते का चालले नाही आणि त्या अपयशातून भौतिकशास्त्राला काय मिळाले, हे समजले की आजचा व्हिडिओ वेगळ्या नजरेने पाहता येतो.

त्यांना नेमके काय हवे होते?

आपल्याला हव्या असलेल्या अर्थाने ‘शाश्वत गतीचे यंत्र’ म्हणजे असे यंत्र, जे एकदा सुरू केल्यावर बाहेरून काहीही न घेता चालत राहील आणि शिवाय आपले काही काम करून देईल. या वाक्याचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. नुसते फिरत राहणे ही एक गोष्ट झाली. फिरता फिरता पाणी उपसणे, दळण दळणे किंवा बल्ब पेटवणे ही दुसरी. युरोपात अशा यंत्राला ‘पर्पेच्युअम मोबिले’ हे लॅटिन नाव होते. आपल्याकडच्या संस्कृत ग्रंथांत ‘स्वयंवह यंत्र’ असा त्याहून नेमका शब्द आहे.

हव्यास कशापोटी होता हे त्या काळाकडे पाहिले की कळते. वाफेचे इंजिन अजून आलेले नव्हते किंवा नुकतेच येत होते. काम करून घ्यायचे तर माणूस, घोडा, वारा आणि वाहते पाणी एवढेच पर्याय होते. खाणी खोल जात होत्या, त्यांत पाणी साचत होते आणि ते उपसायला घोड्यांच्या जोड्या लागत होत्या. उन्हाळ्यात ओढा आटला की गावची पाणचक्की बंद पडे. ज्याच्याकडे आपोआप चालणारे चाक असेल, त्याच्या दारात खाणमालकांची रांग लागली असती. त्यात आकाशातले गोल देवाने एकदा फिरवले ते अखंड फिरत आहेत, ही त्या काळची श्रद्धा. जे आकाशात घडते ते कारखान्यात का घडू नये, हा प्रश्न तेव्हा वेडगळ नव्हता.

भास्कराचार्यांचे चाक

या कथेची एक जुनी कडी आपल्या अगदी जवळची आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात एका स्वयंवह यंत्राचे वर्णन येते. हलक्या लाकडाचे चाक घ्यावे, त्याला सारख्या अंतरावर पोकळ आणि एका बाजूला किंचित वळलेले आरे बसवावेत, ते आरे पाऱ्याने अर्धे भरून तोंडे बंद करावीत आणि चाक आसावर चढवावे, म्हणजे ते आपोआप फिरते, असे ते सांगतात. पारा एका बाजूला परिघाकडे आणि दुसऱ्या बाजूला आसाकडे सरकतो, त्यामुळे एक बाजू कायम जड राहील, हा त्यामागचा तर्क. अशाच यंत्राची कल्पना त्यांच्याही पाच शतके आधी, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तांच्या ग्रंथात आलेली आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. म्हणजे ही विद्या खानदेशच्या मातीत शिकवली गेली आहे.

युरोपात १२३० च्या सुमारास व्हिलार द ऑनकूर या फ्रेंच माणसाच्या चित्रवहीत असेच चाक दिसते. फक्त पाऱ्याऐवजी परिघावर सात हातोडे लटकलेले आहेत. हातोड्यांची संख्या विषम ठेवली की उतरत्या बाजूला नेहमी एक जास्त राहील, असा त्याचा हिशेब होता. ही कल्पना भारतातून अरब विद्वानांमार्फत तिकडे पोहोचली असावी, असे काही इतिहासकारांचे मत आहे.

यावरून ‘आपल्या पूर्वजांकडे फुकट ऊर्जेचे तंत्र होते’ असा निष्कर्ष काढणारे लेखही वाचायला मिळतात. भास्कराचार्यांचे मोठेपण त्यांच्या गणितात आणि खगोलशास्त्रात आहे, आणि तिथे ते इतके निर्विवाद आहे की या चाकाच्या टेकूची त्याला गरज नाही. पाऱ्याचे ते चाक तर्काला मोहवणारे आहे, पण ते फिरत नाही.

जड बाजू हलकी कशी पडते?

जुन्या सायकलचे चाक उलटे धरून त्याच्या परिघाला दोऱ्याने चार-पाच नट-बोल्ट लोंबते बांधा आणि चाकाला एक धक्का द्या. चाक चार-सहा फेऱ्या घेईल, मंदावेल, थोडे मागे-पुढे झुलेल आणि थांबेल. धक्का कितीही जोराचा असला, बोल्ट कुठेही बांधले, तरी शेवट हाच होतो. हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे आणि पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

तर्क कुठे घसरतो ते बागेतल्या सी-सॉवर दिसते. जाड मुलगा मध्याजवळ बसला आणि बारीक मुलगा टोकाला बसला तर दोघांचा तोल साधतो, कारण फिरवण्याचा जोर वजन आणि मध्यापासूनचे अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. शाश्वत चाक बांधणारा कारागीर यातल्या अंतरावर लक्ष देत असे. उतरत्या बाजूचे वजन बाहेर फेकले गेले, चढत्या बाजूचे आत ओढले गेले, तेव्हा उतरती बाजू जिंकणारच, असे त्याला वाटे. त्याच्या नजरेतून संख्या निसटत असे. उदाहरणादाखल आठ सारखी वजने घ्या. बाहेर फेकलेली वजने एका बाजूला विरळ होतात आणि दुसरीकडे दाटी होते. समजा उजवीकडे आसापासून ५ वीत अंतरावर ३ वजने आणि डावीकडे ३ वीत अंतरावर ५ वजने झाली, तर उजवीकडचा जोर तीन पाचे पंधरा आणि डावीकडचाही पाच त्रिक पंधरा. चाक अशी एखादी स्थिती शोधतेच आणि तिथे स्वस्थ बसते.

‘आरे वेगळ्या आकाराचे केले तर?’ हा पुढचा प्रश्न. शेकडो कारागिरांनी तो विचारला आणि प्रत्येक वेळी नवे चाक बांधले. त्या सगळ्यांना एकच उत्तर लागू पडते, आणि ते चाकाच्या आतल्या रचनेकडे न बघताही देता येते. सिंहगडावर कुठल्याही वाटेने चढा, कुठल्याही वाटेने उतरा. पायथ्याच्या त्याच दगडापाशी परत आलात की जितकी उंची चढलात तितकीच उतरलेली असते. वाट वळणाची होती की सरळ, याने त्या हिशेबात फरक पडत नाही. गुरुत्वाकर्षण फक्त उंचीचे पैसे मोजते. चाकाची एक फेरी पूर्ण झाली की त्यावरचे प्रत्येक वजन जिथून निघाले तिथेच परत येते. उतरताना त्याने जे दिले, ते चढताना पुरते परत घेतले. शिल्लक शून्य. या शून्यातून आसाचे घर्षण आणि हवेचा अडथळा यांचा खर्च भागत नाही, म्हणून चाक थांबते.

इंग्लंडच्या वूस्टर परगण्याचा सरदार एडवर्ड सॉमरसेट याने १६६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या शोधांच्या यादीत अशा एका प्रचंड चाकाचे वर्णन केले आहे. चौदा फूट व्यासाचे चाक, त्यावर पन्नास पन्नास पौंडांची चाळीस वजने, आणि लंडनच्या टॉवरमध्ये ते खुद्द राजाला दाखवल्याचा उल्लेख. एवढे जड चाक एकदा फिरले की आपल्याच जोरावर बराच वेळ फिरत राहते, आणि पाहणाऱ्याला ते कायमचे वाटते. राजा काही चाक थांबेपर्यंत तिथे उभा राहत नाही.

पाणी वर, पाणी खाली

दुसरा लाडका आराखडा पाणचक्कीचा होता. इंग्रज वैद्य रॉबर्ट फ्लड याने १६१८ मध्ये आणि जर्मन लेखक गेओर्ग आंद्रेआस ब्योक्लर याने १६६१ मध्ये त्याची चित्रे छापली. वरच्या टाकीतून पडणारे पाणी चाक फिरवते, चाक जाते फिरवते, आणि तेच चाक एका मळसूत्री नळ्याने खाली पडलेले पाणी पुन्हा वरच्या टाकीत चढवते. चित्रे इतकी तपशीलवार आहेत की दाते न् दाते मोजता येतात.

यातला हिशेब मांडू. १०० लिटर पाणी ५ मीटर खाली पडले की त्यातून जास्तीत जास्त ४,९०० ज्यूल इतके काम निघते. (ज्यूल हे काम मोजण्याचे माप, १०० ग्रॅमचे सफरचंद जमिनीवरून कंबरेएवढे वर उचलायला साधारण १ ज्यूल लागतो.) तेच पाणी पुन्हा ५ मीटर वर न्यायला किमान ४,९०० ज्यूलच लागतात. म्हणजे यंत्रात कुठेही घर्षण नाही असे क्षणभर मानले, तरी सगळी कमाई पाणी वर नेण्यातच संपते आणि जात्याच्या वाट्याला काही उरत नाही.

दळणात ऊर्जा जाते कुठे, हे पाहायला प्रयोगशाळा नको. गिरणीतून नुकत्याच आणलेल्या पिठाच्या डब्यात हात घालून पाहा. पीठ गरम लागते, कधी कधी चांगलेच गरम. मोटरने दगडाला दिलेल्या कामाचा मोठा भाग त्या ऊबेत गेलेला असतो आणि डबा घरी पोहोचेपर्यंत ती हवेत विरून जाते. ब्योक्लरच्या चक्कीने खरोखर धान्य दळले असते, तर प्रत्येक फेरीला एवढी ऊब कुठून तरी आणावी लागली असती.

स्टेव्हिनची माळ

आतापर्यंतची गोष्ट अपयशाची झाली. तिला वेगळे वळण दिले ते सिमॉन स्टेव्हिन याने. ब्रुजमध्ये १५४८ साली जन्मलेला हा अभियंता पुढे डच प्रजासत्ताकाच्या सेवेत होता. विद्वानांनी लॅटिनमध्ये लिहायचे अशी रीत असताना त्याने डच भाषेत शास्त्र लिहिले आणि त्यासाठी शब्दही घडवले. मराठीतून विज्ञान लिहिणाऱ्या कोणालाही तो आपला वाटावा. वजनांच्या शास्त्रावरचे त्याचे पुस्तक १५८६ मध्ये निघाले.

त्यातले चित्र साधे आहे. एक त्रिकोणी ठोकळा टेबलावर उभा आहे. त्याची एक उतरती बाजू दुसरीच्या दुप्पट लांब आहे. त्यावरून सारख्या वजनाच्या आणि सारख्या अंतरावर ओवलेल्या १४ गोळ्यांची माळ टाकलेली आहे, आपल्या विहिरीवरच्या रहाटगाडग्याची माळ असावी तशी. लांब बाजूवर ४ गोळे आहेत, आखूड बाजूवर २, आणि उरलेले ८ ठोकळ्याखाली झोक्यासारखे लोंबत आहेत. प्रश्न असा की, चार गोळे दोघांना ओढून नेतील का?

पहिल्या झटक्यात उत्तर ‘हो’ असेच येते. स्टेव्हिन म्हणतो, थांबा. माळ सरकली असे समजा. एक गोळा इकडून गेला, त्याच्या जागी मागचा आला. पुन्हा लांब बाजूवर चारच, आखूड बाजूवर दोनच, खाली आठच. परिस्थिती होती तशीच राहिली, म्हणजे माळ एकदा सरकली तर तिला थांबायला कारणच उरत नाही. ती अनंत काळ फिरत राहील. आणि हे अशक्य आहे. म्हणून माळ मुळात हलतच नाही. आता खालचे आठ गोळे कापून टाका. ते दोन्ही बाजूंना सारखेच ओढत होते, त्यामुळे तोल बिघडत नाही. उरले काय? दुप्पट लांब उतारावरचे चार गोळे आणि आखूड उतारावरचे दोन गोळे एकमेकांना तोलून धरतात. म्हणजे उंची तीच ठेवून उतार दुप्पट लांब केला की वजन धरून ठेवायला निम्माच जोर लागतो. घाटातला रस्ता सरळ वर न नेता वळणावळणाने का नेतात, याचे हे उत्तर आहे, आणि ते एकही आकडा न मोजता मिळाले.

माझ्या मते विज्ञानाच्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर युक्तिवादांपैकी एक आहे. इतर लोक शाश्वत यंत्र बांधायला निघाले होते. स्टेव्हिनने ते बांधता येत नाही हेच गृहीत धरले आणि त्या गृहीतावरून निसर्गाचा एक नियम काढून दाखवला. त्या चित्राशेजारी त्याने कोरले, ‘चमत्कार हा चमत्कार नव्हे’. पुढे हीच वाट रुळली. डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सने १६७३ मध्ये लंबकाचा अभ्यास करताना वजने आपोआप वर चढत नाहीत हे गृहीत धरले. फ्रेंच अभियंता कार्नोने १८२४ मध्ये वाफेच्या इंजिनाची मर्यादा याच धाग्याने काढली. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झचा १८४७ मधला ऊर्जेवरचा निबंधही इथूनच सुरू होतो.

कासेलच्या किल्ल्यातले चाक

तरीही एक चाक फिरले, आणि त्याने युरोपातल्या भल्याभल्यांना कोड्यात टाकले. योहान बेसलर हा जर्मनीतल्या सॅक्सनीचा कारागीर. त्याने वर्णमालेत प्रत्येक अक्षर तेरा जागा पुढे सरकवून आपल्या नावाचे गुप्त रूप केले आणि त्याला लॅटिन शेपटी लावून ‘ऑर्फिरेअस’ हे नाव घेतले. १७१२ पासून त्याने एकाहून एक मोठी चाके दाखवली. शेवटचे चाक हेसे-कासेल या जर्मन संस्थानाचा अधिपती कार्ल याच्या आश्रयाने त्याच्या किल्ल्यात उभे राहिले.

हॉलंडमधल्या लायडनचा प्राध्यापक विलेम ग्रावेसांडे याने ते चाक स्वतः तपासले आणि १७२१ मध्ये न्यूटनला पत्र लिहून त्याची माहिती कळवली. बारा फूट व्यासाचा आणि सुमारे चौदा इंच जाडीचा तो पोकळ ढोल होता. आतले दिसू नये म्हणून वरून कापड ताणलेले होते. मधून सहा इंच जाडीचा लाकडी आस गेला होता आणि त्याच्या टोकांना पाऊण इंचाच्या लोखंडी कांबी होत्या. हलकेच ढकलले तर हात काढताच चाक थांबे. जरा जोराने ढकलले तर दोन-तीन फेऱ्यांत ते पुरता वेग घेई आणि मग मिनिटाला २५-२६ फेऱ्यांनी फिरत राही. १२ नोव्हेंबर १७१७ रोजी चाक फिरते ठेवून खोलीला मोहोर लावली गेली. मध्ये एकदा खोली उघडून पाहून पुन्हा बंद केली, आणि ४ जानेवारी १७१८ रोजी दार उघडले तेव्हाही चाक फिरत होते.

बेसलरची अट एकच होती. आधी एक लाख टालर (तेव्हाची जर्मन चांदीची नाणी) द्या, मग आतले दाखवतो. ग्रावेसांडेने आस बारकाईने तपासायला घेतला तेव्हा फुकटात रहस्य चोरले जात आहे असा आरोप करून बेसलरने स्वतःच्या हाताने चाक फोडून टाकले. १७२७ मध्ये त्याच्या घरातल्या मोलकरणीने सांगितले की, शेजारच्या खोलीतून ते चाक हाताने फिरवले जात असे आणि आळीपाळीने घरातली माणसे, तीसुद्धा, ते काम करत असत. ग्रावेसांडेला ते पटले नाही. आसाच्या कांबी त्याने स्वतः पाहिल्या होत्या आणि बाहेरून चाक फिरवणारे काही त्याला तिथे दिसले नव्हते. युक्ती नेमकी कशी होती यावर आजही वाद होतात. पण ते चाक सुटे करून, कापड काढून, त्रयस्थ माणसांसमोर कधीही चालवले गेले नाही, ही गोष्ट वादातीत आहे. बेसलर १७४५ मध्ये एका पवनचक्कीच्या बांधकामावरून पडून मेला.

फसवणुकीपेक्षा मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. शाश्वत गती शक्य आहे असे मानणाऱ्या याच ग्रावेसांडेने १७२२ मध्ये पितळेचे गोळे मऊ चिकणमातीवर टाकून पाहिले. गोळ्याचा वेग दुप्पट झाला की खड्डा दुप्पट न होता चौपट होतो, असे त्याला आढळले. गतीत साठवलेली काम करण्याची क्षमता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, ही आज शाळेत शिकवली जाणारी गोष्ट त्या मातीतल्या खड्ड्यांनी पक्की केली, आणि तिच्याच आधारावर पुढे शाश्वत गतीचा दरवाजा बंद झाला. चुकीच्या आशेने केलेले प्रामाणिक मोजमापही सत्याच्या बाजूनेच साक्ष देते.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्ये शाश्वत यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासणार नाही असे जाहीर केले. या नादापायी अनेक कुटुंबे देशोधडीला लागली आणि एरवी मोठे काम करू शकणाऱ्या कारागिरांनी आपला पैसा, वेळ आणि बुद्धी त्यात जाळली, हे कारण अकादमीने स्पष्ट दिले होते. पुढे १८४० च्या दशकात मायर, ज्यूल आणि हेल्महोल्ट्झ यांच्या कामातून ‘ऊर्जा अक्षय्यतेचा नियम’ मांडला गेला. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातही प्रस्थापित नैसर्गिक नियमांच्या उघड विरुद्ध दावा करणारी कल्पना ‘शोध’ मानली जात नाही, असे तिसऱ्या कलमात पहिल्याच उपकलमात लिहिले आहे.

‘चुंबक तर कायम ओढतो, मग?’

चुंबक थकत नाही हे खरे. जॉन विल्किन्स या इंग्रज धर्मगुरूने १६४८ मध्ये एका चुंबकी यंत्राची चर्चा केली आहे. उताराच्या वर शक्तिशाली चुंबक ठेवायचा, त्याने लोखंडी गोळी उतारावरून वर ओढायची, वर पोहोचण्याआधी एका भोकातून ती खाली पडून पुन्हा पायथ्याशी यायची, आणि असे चालू राहायचे. दोष विल्किन्सनेच दाखवला. जो चुंबक गोळीला लांबून चढावर ओढतो, तो ती इतकी जवळ आल्यावर भोकात पडू कशी देईल? चुंबकाजवळ जाताना जे मिळते ते दूर जाताना परत करावे लागते. पृथ्वीही कायम ओढते, पण तिच्या ओढीतून एका बंद फेरीत काही मिळत नाही, तसेच हे.

‘घर्षणच काढून टाकले तर?’

तर चाक फार काळ फिरेल. निर्वात पेटीत, चुंबकी बेअरिंगवर ठेवलेली चाके खरोखर तास न् तास फिरतात. चंद्र तर पृथ्वीभोवती अब्जावधी वर्षे फिरतो आहे. गती टिकून राहण्याला निसर्गाची हरकत नाही. पण त्या चाकाला बल्ब जोडलात की ते मंदावू लागते, कारण बल्बचा प्रकाश चाकात आधी भरलेल्या ऊर्जेतून येतो. बँकेतली ठेव मोडून खर्च करण्यासारखे हे आहे. ठेव मोठी असेल तर बरेच दिवस पुरते, पण ती उत्पन्न नव्हे. समुद्राच्या भरती-ओहोटीतून वीज काढतात तीही पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याच्या ठेवीतून येते, आणि भरतीच्या ओढीने पृथ्वीचे फिरणे खरोखर अतिशय हळू मंदावत आहे.

‘पण त्या व्हिडिओत बल्ब पेटलेला दिसतो!’

दिसतो, यात शंका नाही. प्रश्न तो कशावर पेटला आहे हा आहे. मोटर विजेचे फिरण्यात रूपांतर करते, अल्टरनेटर फिरण्याचे विजेत. दोन्ही यंत्रे उत्तम दर्जाची आणि ९० टक्के कार्यक्षम धरली, तर १०० भाग ऊर्जेतले मोटरनंतर ९० उरतात आणि अल्टरनेटरनंतर ८१. ते ८१ पुन्हा मोटरला दिले की पुढच्या फेरीला ६६ च्या आत. दहा फेऱ्यांत १०० चे जेमतेम १२ उरतात, तेही एकही बल्ब न लावता. म्हणून बल्ब पेटलेला असेल तर टेबलाखाली बॅटरी आहे, टेबलाच्या पायातून गेलेली वायर आहे, किंवा जड चाक आधी फिरवून ठेवलेले आहे आणि व्हिडिओ ते थांबण्याआधी संपतो. असे यंत्र विकायला कोणी दारात आले, तर कासेलची आठवण ठेवून सगळे आवरण काढायला सांगावे, यंत्र उघड्या अंगणात मध्ये ठेवायला सांगावे, त्यावर घरातला पंखा जोडावा आणि दोन दिवस तिथेच राहू द्यावे. आगाऊ पैसे मागणारा यातली एकही अट मान्य करत नाही.

‘विज्ञानाचे नियम बदलतात, हाही बदलेल’

ही शंका सर्वांत गंभीर आहे आणि ती झटकून टाकू नये. विमान उडणार नाही असे म्हणणारेही होतेच. पण हवेपेक्षा जड वस्तू उडू शकते हे आकाशातली प्रत्येक घार दाखवत होती. उडण्याविरुद्ध निसर्गाचा नियम कधीच नव्हता. शाश्वत यंत्राच्या बाजूने असा एकही पक्षी नाही. आणि हा नियम सोडून द्यावासा वाटण्याची वेळ खरोखर आली होती. १९२० च्या दशकात काही किरणोत्सारी अणूंमधून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा हिशेबात कमी भरत होती. ऊर्जा अक्षय्यता अणूच्या आत लागू नसेल, असा विचार मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी केला. १९३० मध्ये वोल्फगांग पाउली याने नियम सोडला नाही. न दिसणारा एखादा कण ती उरलेली ऊर्जा घेऊन जात असावा, असे त्याने सुचवले. तो कण, न्यूट्रिनो, १९५६ मध्ये प्रत्यक्ष सापडला.

मग वर्षानुवर्षे चालणारी ती घड्याळे?

काही ‘शाश्वत’ यंत्रे कोणतीही लबाडी न करता चालली. डच संशोधक कॉर्नेलिस ड्रेबेल याने १६०७ च्या सुमारास इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला एक यंत्र दाखवले. त्यातल्या काचेच्या नळीतले द्रव भरती-ओहोटीसारखे आपोआप वर-खाली होई. रहस्य हवेत होते. दिवसा हवा तापते, फुगते, रात्री आकसते, वातावरणाचा दाबही रोज बदलतो. ड्रेबेलचे यंत्र त्या बदलांवर जगत होते, आणि ते बदल सूर्य घडवत होता. बाहेरून काही घेत नाही असे वाटणारे यंत्र खरे तर बाहेरूनच घेत होते. नदी कधी थांबत नाही, तीही याच कारणाने. समुद्राचे पाणी सूर्य उचलतो आणि सह्याद्रीवर ओततो.

लंडनच्या जेम्स कॉक्सने अठराव्या शतकात याच तत्त्वावर एक भव्य घड्याळ बनवले. सुमारे ६८ किलो पाऱ्याच्या बॅरोमीटरमध्ये, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या उपकरणात, त्या दाबाने होणारी हालचाल त्याची किल्ली आपोआप भरत असे, आणि जास्त भरली जाऊ नये अशीही सोय होती. त्याने त्याला शाश्वत गतीचे यंत्र म्हणूनच लोकांना दाखवले. ते घड्याळ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तिथे हलवताना त्यातला पारा काढून घेतला गेला, आणि तेव्हापासून ते बंद आहे.